सुमिनावाच्या खडावा

त्या वर्षी मुराकोशी कानेहिरोला चौथ्यांदा डब्यात भरलं होतं.

डब्यात भरणं हा मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, धंद्यातला शब्द. चित्रकार वेळेवर पानं देत नसला की संपादक त्याला उचलतो, इझूच्या किनाऱ्यावर कुठल्यातरी गरम कुंडाच्या सरायीत नेतो, एका खोलीत कोंडतो आणि स्वतः दाराबाहेर बसून राहतो. बांगडा डब्यात भरावा तसं. पानं हातात पडेपर्यंत झाकण उघडत नाही. तिकडे खोली जमिनीवरच्या चटयांनी मोजतात; ही आठ चटयांची होती, म्हणजे तशी ऐसपैस. खिडकीत समुद्र होता, पण तो बघायचा नव्हता.

बाहेर बसलेल्या संपादकाचं नाव कुजिराओका. चारच्या गाडीनं पानं तोक्योला न्यायची होती. शेजारच्या खोलीत ओतोवासान बसली होती. वीस वर्षं ती मुराकोशीच्या पानांत काळं भरत आली होती. चित्रात जिथं काळं हवं तिथं मुराकोशी पेन्सिलीनं बारीकशी फुली मारायचा. फुली दिसली की ओतोवासान तिथं शाई भरायची. का, कशाला, असं वीस वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

ह्या खेपेला मुराकोशीनं मनाशी एक पक्कं केलं होतं. सुमिनावाला मारायचं.

सुमिनावा हा त्याच्या मंगातला खलनायक. पूर्वाश्रमीचा देवळं बांधणारा सुतार. शाईत भिजलेलं सूत ताणून तो जमिनीवर मारायचा. चारी बाजूंनी रेघ उमटली की आतला माणूस बाहेर पडू शकत नसे. मग रेघा हळूहळू आत सरकायच्या. अकरा वर्षांत त्यानं तीनशे बारा माणसं अशी चेचली होती, आणि दर आठवड्याला वाचकांच्या पसंतीच्या पोस्टकार्डांत पहिला नंबर त्याचाच. कुजिराओका त्याला मरू देत नव्हता. मुराकोशीला आता रात्री झोपेत बायकोही चौकटीत दिसायला लागली होती.

सकाळी त्यानं गुपचूप सुमिनावाचा कडेलोट काढायला घेतला. चित्र झालं. सुमिनावा नेहमीसारखा नखशिखांत पांढरा होता. पांढरा अशासाठी, की सुरुवातीला कपड्यांवर नक्षी काढायला मुराकोशीला वेळ नव्हता. खांद्यावर त्याच्या अंगठ्याचा डाग पडला, तो तसाच राहिला. मग पट्टी लावून त्यानं चौकट मारली आणि डाव्या कोपऱ्यात रेघ चार केसांइतकी कमी पडली.

तेवढ्या फटीतून सुमिनावा बाहेर आला.

आधी बोटं, मग खांदा, मग उंच खडावांसकट पाय. खांद्यावर अंगठ्याचा तोच डाग. मुराकोशीच्या हातून टाक गळून पडला. तेवढ्यात सरकतं दार उघडून कुमे आजी न्याहारीचं तबक घेऊन आत आली. ती ह्या सरायीत चाळीस वर्षं पाहुण्यांना जेवण वाढत होती. तिनं सुमिनावाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"अहो पाव्हणं! चटईवर खडावा? आईनं काही शिकवलं की नाही?"

तीनशे बारा खून केलेला तो माणूस कानापर्यंत लाजला. वाकून त्यानं खडावा काढल्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवल्या. आजीनं त्या फिरवून त्यांची टोकं बाहेरच्या दाराकडे केली. पाहुण्याला निघताना सोपं जावं, ही सरायीची रीत. मग ती गेली.

दार लागताच सुमिनावानं कमरेचं सूत काढलं आणि भिंतीलगत चारी बाजूंनी मारलं. सट्, सट्, सट्, सट्.

"बस, सेन्सेई," चित्रकाराला सगळे आदरानं म्हणतात तसं तो म्हणाला. "मला कड्यावरून ढकलत होतास नाही?"

"तू... तू तर कागदावर..."

"अकरा वर्षं! दर आठवड्याला नवी चौकट. मला वाटायचं मीच लोकांना कोंडतो. मग कळलं, चौकट मारणारा हात वेगळाच आहे." मांडी घालून त्यानं तबकातलं लोणच्याचं आलुबुखार उचललं आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे असलं आंबट खाता तुम्ही लोक? चित्रात किती छान दिसतं!"

खिडकीच्या चौकटीवर एक सिकाडा, उन्हाळ्यातला किडा, किर्रकिर्र करत होता. सुमिनावानं त्याच्याभोवती बोटाएवढं सूत मारलं. रेघा आत सरकल्या. किरकिर बंद. लाकडावर उरला एक पूर्णविराम.

"आता ऐक. एक अख्खं पान काढ. त्यावर मी एकटा. चौकट नको, कागदाच्या कडेपर्यंत मोकळं. ते पान छापून लाखो घरांत जाईल, आणि प्रत्येक घरात मी उतरेन. नाही काढलंस, तर ही खोली तुझ्यावर मिटेल. आणि माझ्या चित्रावर शाई सांडण्याचा विचारही करू नकोस." त्यानं खांद्यावरचा डाग दाखवला. "चित्राला लागलं की मला लागतं, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक रेघ मी बघणार."

मुराकोशी दाराकडे धावला. दार उघडलं, पण उंबऱ्यावरच्या रेघेशी त्याचं नाक आपटलं, जणू काचेवरच. पलीकडे कुजिराओका दाराकडे पाठ करून सिगारेट ओढत बसला होता.

"कुजिराओकासान! सुमिनावा आत आलाय! मला मारतोय!"

"व्वा," कुजिराओका न हलता म्हणाला. "गेल्या खेपेला मांजरानं हात खाल्ला होता. त्याआधी आत्याचं तिसरं वर्षश्राद्ध, ते दोनदा झालं. प्रगती आहे, सेन्सेई."

"खोटं नाही हो! मला बाहेर पडता येत नाहीये!"

"म्हणून तर तुम्हाला इथं आणलंय."

मागे चटया करकरल्या. मुराकोशीनं मोजल्या. सहा होत्या. खिडकीतला समुद्र निम्मा झाला होता.

तो बसला. काढायला लागला. साडेचार चटया झाल्या तेव्हा सुमिनावाचा चेहरा पुरा झाला. तीन चटया झाल्या तेव्हा हात. भिंत आता कोपराला लागत होती, प्रत्येक रेघेबरोबर कोपर भिंतीवर घासत होतं. त्याच्या मनात आलं, हे पान गेलं तर ओसाकातल्या पोरी, आओमोरीतले कोळी, त्याची स्वतःची बायको, जी अंक आला की आधी शेवटचं पान उघडते. आणि न गेलं तर त्या सिकाड्याशेजारी आणखी एक पूर्णविराम.

त्यानं पेन्सिल उचलली. चेहऱ्यावर एक फुली. छातीवर फुली. बाहीवर, पायावर, बोटांवर, भोवतीच्या मोकळ्या आभाळात, कागदाच्या चारी कोपऱ्यांत. फिक्या, तिळाएवढ्या फुल्या.

"हे काय?" सुमिनावानं मान वाकवली. त्याचा गार श्वास मुराकोशीच्या कानावर आला.

अकरा वर्षं सुमिनावा छापून झालेल्या पानांत जगला होता. पेन्सिल त्यानं कधी पाहिली नव्हती. आणि तो पांढराच असल्यानं त्याच्या अंगावर आजवर एकही फुली पडली नव्हती.

"पेन्सिलीच्या खुणा," मुराकोशी म्हणाला. "छापण्याआधी ओतोवासान साफ करते. वीस वर्षं करते."

"चौकट?"

"नाही. बघ की."

सुमिनावानं कागद उजेडात धरला, कडा तपासल्या, स्वतःचं नाक निरखलं. "नाक जरा मोठं झालंय."

"थकलोय मी."

"असू दे. दे बाहेर."

माणूस रेघ ओलांडू शकत नव्हता, वस्तू जात होती. कागद उंबऱ्यापलीकडे गेला. कुजिराओकानं झडप घालून तो घेतला.

"सेन्सेई," बाहेरून आवाज आला, "ह्यात सगळीकडे फु..."

"इकडे द्या!" ओतोवासानचा खणखणीत आवाज. "माझं पान कुणी हाताळायचं नाही. बोटं तेलकट आहेत तुमची. सकाळपासून तळलेलं खाताय."

"अहो, पण सगळीच..."

"मी तुम्हाला कधी संपादन शिकवलं का? मग? सरका."

आत दोनच चटया उरल्या होत्या. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. छत मुराकोशीच्या डोक्याला टेकलं, तशी त्यानं मान वाकवली.

"फु म्हणजे काय रे?" सुमिनावानं विचारलं.

मुराकोशीनं भिंतीला कान लावला. शेजारून कुंचला फिरल्याचा आवाज येत होता, सर्र, सर्र, शांत, घाई नसलेला. ओतोवासान नेहमी खालून वर भरायची.

सुमिनावानं पायाकडे पाहिलं. पाऊल नव्हतं. काळं होतं, आणि ते काळं पोटरीवर चढत होतं. त्यानं सूत उचललं, पण बोटं काळी झाली. मुराकोशीचा गळा धरायला तो पुढे झाला, पण त्याची काळी बाही गळ्यातून आरपार गेली.

"सेन्सेई," तो पुटपुटला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात सुतार ऐकू आला. "आतमध्ये फार अंधार असतो का रे?"

"माहीत नाही," मुराकोशी म्हणाला. आणि ते खरं होतं.

मग नाक गेलं, मोठं झालेलं. मग काहीच उरलं नाही.

चटया करकरत परत पसरल्या. मुराकोशी उंबऱ्यावरून रांगत बाहेर पडला आणि कुजिराओकाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. कुजिराओकाला वाटलं, पानं दिल्याचा आनंद.

शेजारी ओतोवासान कुंचला धूत होती. तिच्यासमोर तेल लावल्यासारखं चकचकीत काळं पान वाळत होतं.

"तीन बाटल्या शाई गेली," ती म्हणाली. "शेवटी कुंचला आतून जरा ढकलत होता. मी म्हटलं, फुली आहे ना, मग भरायचंच."

चारच्या गाडीनं ते पान गेलं, छापलं, आणि त्या आठवड्यात पोस्टकार्डांत त्यालाच पहिला नंबर मिळाला. कुजिराओका पुन्हा डबा घेऊन दारात आला, तेव्हा मुराकोशीनं त्याला कडी लावून बाहेरच ठेवलं. हल्ली तो भाज्यांच्या पुस्तकासाठी मुळे काढतो. मुळ्यांना चौकट लागत नाही.

ती खोली मात्र पूर्ण पसरलीच नाही. सरायवाल्यानं दोन सुतार आणून मोजली. साडेसात चटया. अर्धी कुठं गेली, कुणाला सांगता आलं नाही.

आणि उंबऱ्याबाहेर खडावा राहिल्या. बोट लावलं तर बोट काळं होतं. त्या दिवशी निघताना मुराकोशीनं त्या उलट्या फिरवल्या होत्या, टोकं भिंतीकडे.

"आजी, ह्या अशाच राहू द्या हं."

"असं कसं?" कुमे आजीनं वाकून त्या पुन्हा दाराकडे वळवल्या. "पाव्हणा अजून आतच आहे ना? निघताना काय उलट्या घालील बिचारा?"