हजेरीचं गाणं

"कमळ आली," सगळी पोरं एका दमात ओरडली आणि नेहमीप्रमाणे थांबली. आता दोन टाळ्या वाजायच्या होत्या. त्या वाजल्याच नाहीत.

सगळ्यांत पुढे दयाराम मास्तर होते. ते चार पावलं तसेच गेले आणि मग त्यांचेही पाय थांबले. धुकं असं दाटलं होतं की हातातल्या काठीचं टोक दिसत नव्हतं. उजवीकडे मिठागर, डावीकडे खाडी आणि मधे जेमतेम दोन माणसं चालतील एवढा मातीचा बांध. अमावास्येची भरती चढत होती. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

मास्तर मुळातच भित्रा माणूस. उरणकडच्या त्या आगरी वस्तीतला पहिला फायनल पास म्हणून मान होता खरा, पण दिपोटीसाहेब तपासणीला येणार म्हटलं की ते आदल्या रात्री हजेरीपट चारचारदा तपासायचे. अशा माणसानं मिठागरावरच्या बायांना शब्द दिला होता, "पोरं शाळेत धाडा. रोज मी स्वतः नेईन आणि स्वतः आणून सोडीन." भिडेपोटी बोलून गेले आणि मग वर्षभर दीड मैलाची ती वाट तुडवत बसले.

गाणंही त्या भीतीतूनच निघालं. निसरड्या बांधावर सारखं मागे वळून अकरा पोरं मोजायची सोय नव्हती. म्हणून मास्तरांनी हजेरीचंच गाणं केलं. चालता चालता ज्यानं त्यानं आपली ओळ म्हणायची, "चंदर आला, घमेलं घेऊन आला," "धर्मा आला, चिंबोरी घेऊन आला," आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "या, बसा." लोक हसले. "आगरावर गाणी कमी पडली व्हय, मास्तर? पाढे शिकवा पाढे." पण त्या गाण्यानं पोरं बदलली, हे हसणाऱ्यांनीही पाहिलं. आईच्या लुगड्याआड तोंड लपवणारी पोरं मान वर करून आपलं नाव सांगायला लागली, स्वतःच ओळी जुळवायला लागली. येसूबाईची कमळ सहा वर्षांची झाली तरी कुणाशी अक्षर बोलत नव्हती. तिची ओळ सगळ्यांनी म्हणायची आणि तिनं फक्त दोन टाळ्या द्यायच्या, असं ठरलं. पहिल्यांदा टाळ्या दिल्या त्या दिवशी ती खुदकन हसली. मास्तरांनी घरी जाऊन बायकोला ते तीनदा सांगितलं.

आज मास्तर चाचपडत शेवटापर्यंत आले. कमळनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते आणि ती मागे धुक्यात बघत होती. तिच्या मागे रोज धर्मा असायचा. सगळ्यांत मोठा म्हणून शेपटाला तोच.

"धर्मा कुठाय?"

पोरं आपापसात कुजबुजू लागली.

"आत्ता त्याची ओळ ऐकली मी. कुणी म्हटली?"

चंदर खाली मान घालून पुढे आला. "मी म्हनली. तो बोलला, माझी ओळ तू म्हन, मी निवट्या धरून येतो." निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे.

"रोज म्हणतोस?"

"कदी कदी."

किती दिवस, देव जाणे, मास्तर एका नसलेल्या पोराला "या, बसा" म्हणत चालले होते. मागच्या वळणावर बांधाला खांड पडली होती. पोरांना ओलांडता यावं म्हणून तिथं माडाचे ओंडके टाकले होते, आणि भरती आधी तिथूनच आत घुसायची.

"एकमेकांचे हात धरा नि खाली बसा. कुणी हलायचं न्हाय. आवाज बंद," ते म्हणाले. पोरं गप्प झाली, आणि त्या शांततेत पहिल्यांदा हाक ऐकू आली. बारीक, घोगरी, ओरडून ओरडून बसलेली.

मास्तर धावले. दोनदा पडले. धर्मा खांडीत मांडीपर्यंत रुतला होता आणि पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. मास्तरांना पोहता येत होतं, पण चिखलात पोहणं काय कामाचं? त्यांनी कमरेचं धोतर सोडलं, ओंडक्यावर पालथे पडले आणि टोक फेकलं. पहिल्यांदा टोक पोचलं नाही. दुसऱ्यांदा पोचलं. पाणी पोराच्या हनुवटीला आलं तेव्हा कुठे चिखलानं त्याला सोडलं.

बांधावर पडून धर्मा बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "मी हाका मारीत व्हतो, मास्तर. तुमी गात व्हतात."

मास्तरांनी ओलं धोतर कसंबसं गुंडाळलं आणि पोराला पाठीवर घेतलं.

पोरांनी शाळेत पोचायच्या आधीच आपापसात ठरवून टाकलं, घरी कुणी सांगायचं नाही. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. दिवसभर मास्तरांच्या मनात तेच घोळत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. संध्याकाळी पोरं पोचवल्यावर ते धर्माच्या आईच्या, नीराबाईच्या दारात उभे राहिले आणि घडलं ते सगळं सांगून मोकळे झाले. शाळा बंद पडेल, बाया उद्यापासून पोरं धाडणार नाहीत, हे धरूनच ते बोलत होते.

नीराबाई मासळी निवडत होती. हात थांबला. तिनं आधी धर्माला जवळ ओढलं आणि त्याचे पाय नीट बघितले.

"मना कोन सांगनार व्हतं?" ती म्हणाली. "मंग कशाला आलाव, मास्तर?"

"झोप लागली नसती, वयनी."

तिनं मासळीची टोपली बाजूला सारली. "धाडीन मी उद्या. गानं बी म्हना. घरात तोंड न उघडनारी पोरं हायती ही. पन तुमी पुढं चालू नका. मागं चाला."

दुसऱ्या दिवशी धुकं होतंच. मास्तर शेवटाला उभे राहिले. पुढे चंदरनं काठी धरली आणि गाणं सुरू झालं. मास्तर गायले नाहीत. प्रत्येक ओळीनंतर श्वास धरून ते ऐकत होते, आवाज ज्याचा त्याचाच आहे ना. अकराही जण आले. कमळच्या टाळ्याही वाजल्या.

तरी मास्तरांचं समाधान होईना. त्यांनी रांग थांबवली आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत ते पुढपर्यंत गेले. पोरांना तो नवा खेळ वाटला, आणि मास्तर जवळ आले की ती आपणहून डोकी पुढे करू लागली.