चौदा नंबरचा बिल्ला

थोबाडीत बसली ती सकाळी नऊच्या सुमारास, भर गाडीत, आणि बत्तीस माणसांनी ती ऐकली. ऐकली आणि लगेच सगळी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर तेव्हा सिमेंटच्या एका गोदामाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. तरी एकजात सगळे त्या गोदामावर डोळे लावून बसले होते.

गाडी चालवणाऱ्या आस्तेकाकांनी ती वरच्या आरशात पाहिली. मारणारा टाइल्सच्या दुकानाचा मालक, महिन्यातून दोनदा तरी येणारं नेहमीचं गिऱ्हाईक. मार खाणारी त्याची बायको. कारण विचाराल तर थर्मासचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि त्याच्या नव्या पँटवर चार थेंब चहा सांडला होता. गालाला हातसुद्धा लावला नाही तिने, खाली वाकून रुमालाने त्याची पँट टिपायला लागली. तेवढ्यात गाइडबाईंनी माइक हातात घेतला आणि आज आपण मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या टुमदार गावी चाललो आहोत, असं हसऱ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. गाडीने सुटकेचा निःश्वास सोडला.

दर शनिवारी-रविवारी ही गाडी शहरातून निघायची आणि जवळपासच्या कुठल्यातरी छोट्या गावी जाऊन संध्याकाळी परत यायची. कधी तलावाचं गाव, कधी जुन्या पुलाचं, कधी नुसत्या चांगल्या हवेचं. शहरात आठवडाभर एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या गावात जाऊन मोकळा श्वास घेतात, फोटो काढतात, भाव पाडतात आणि परत येतात. बावीस वर्षं काका त्यांना नेत-आणत होते. ते इतकी सावकाश गाडी चालवायचे, आणि कोणी कुरकुर केली की ‘आस्ते, आस्ते’ एवढंच म्हणायचे, की त्यांचं खरं नाव कंपनीतसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. बैलगाडीने गेलो असतो तर जेवणाआधी पोचलो असतो, असं प्रत्येक सहलीत एक तरी शहाणा म्हणायचाच. काका हसायचे.

त्यांची एक पद्धत होती. पुढच्या दाराशी एक लाकडी फळी, तिला चौतीस खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे चौतीस बिल्ले. उतरताना प्रत्येकाने आपल्या सीटचा बिल्ला घेऊन उतरायचं, चढताना तो परत खिळ्यावर अडकवायचा. बिल्ला खिळ्यावर असला तर माणूस आत, नसला तर माणूस बाहेर. फळी भरली की गाडी सुटायची. एखादा खिळा रिकामा दिसला की काका इंजिन बंद करून खाली उतरायचे आणि सगळी गाडी त्या माणसाला शोधत गावभर फिरायची. बावीस वर्षांत एकही माणूस मागे राहिला नव्हता, आणि या गोष्टीचा काकांना जरा जास्तच अभिमान होता.

गावात पोचल्यावर माणसं बिल्ले घेऊन पांगली. काका हातोडी घेऊन एकेक टायर ठोकून बघत होते, तेव्हा टाइल्सवाल्याची बायको मागच्या बाजूने आली. नवरा तलावाकाठच्या हॉटेलात बाटली उघडून बसला होता आणि तिला भांडी बघायला पाठवलं होतं. हातात तिने एक मातीचं वाडगं धरलं होतं, उगाचच. तिने विचारलं, की इथून शहराकडे नाही, उलट्या बाजूला जाणारी गाडी असते का. तिकडे तिची मावशी राहते, नवऱ्याला ते घर ठाऊक नाही, म्हणाली.

“सहाची. दिवसभरात ती एकच,” काकांनी सांगितलं. “समोर स्टँड दिसतोय ना, तिथूनच सुटते.”

“आणि आपली?”

“पाच वाजता. सगळे आले की.”

ती बिल्ल्यांच्या फळीकडे बघत राहिली. तिच्या मनातलं गणित त्यांना कळलं, आणि ते सुटणारं नाही हेही कळलं. ती परत आली नाही तर चौदा नंबरचा खिळा रिकामा राहणार. मग सगळी गाडी तिला शोधायला निघणार, आणि सर्वात पुढे तो. गाव केवढं, तर दोन गल्ल्या आणि एक तलाव. सहा वाजायच्या आत ती सापडणार. म्हणजे तिला कोंडून ठेवणारी ती फळी काकांचीच होती.

बोलावं असं त्यांना वाटलं. ती गेली, आणि काका हातोडी घेऊन त्याच टायरवर पुन्हा पुन्हा ठोकत राहिले.

काकांना एक धाकटी बहीण होती. सासरहून ती तीनदा पळून आली होती आणि तीनदा काकांनीच तिला परत नेऊन घातली. थोडं सहन कर, होईल सगळं ठीक, असं शहाण्यासारखं सांगून. तिसऱ्या वेळी याच कंपनीची रिकामी गाडी होती. ती अगदी मागच्या सीटवर जाऊन बसली आणि निम्म्या वाटेत एवढंच म्हणाली, “दादा, आस्ते चालव ना.” काकांना गाडी चारपर्यंत जमा करायची होती. त्यांनी नेहमीच्या वेगाने नेली आणि वेळेत पोचवली. नवव्या दिवशी फोन आला, जिन्यावरून पडली म्हणून. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत. पण तिच्या घरचा जिना सगळ्यांनी मान्य केला, पोलिसांनी, डॉक्टरांनी, आणि खोटं कशाला बोला, काकांनीही.

चारच्या सुमाराला कुंभाराच्या भट्टीच्या मागून भांडी फुटल्याचा आवाज आला. काका धावले. टाइल्सवाल्याने तिला विटांच्या भिंतीला टेकवून तिचा दंड मागे पिरगाळला होता आणि दुसऱ्या हाताने तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा, जसं कुणी खिळा ठोकतं. कुंभार आणि त्याची बायको मातीचे हात तसेच धरून उभे होते. काकांनी त्याचा खांदा धरला.

“सोडा, साहेब. मरेल ती.”

त्याने वळून काकांच्या पोटात गुडघा घातला. काका राखेत बसले. मग त्याने केसांवरून हात फिरवला, फुटलेल्या भांड्यांचे किती पैसे व्हायचे ते कुंभाराला रुबाबात विचारलं, आणि बायकोला म्हणाला, “जा, मागच्या सीटवर जाऊन बस. शहर येईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस.”

पाच वाजता माणसं चढायला लागली. फळी भरत गेली. ती आली, ओठ सुजून हा एवढा झालेला. तिने चौदा नंबरचा बिल्ला खिळ्यावर अडकवला आणि मान खाली घालून थेट मागे गेली. टाइल्सवाला पुढे, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर रेलला आणि त्याने डोळे मिटले. गाइडबाईंनी फळीकडे बघितलं. चौतीसच्या चौतीस.

काकांनी किल्ली फिरवली, आणि त्यांच्यासमोरचा लाल दिवा लागला. मागचं दार उघडं असल्याचा तो दिवा होता.

त्यांनी बाजूच्या आरशात पाहिलं. ती खाली रस्त्यावर उभी होती. हातात पर्ससुद्धा नाही, नुसती उभी. तिने आरशात पाहिलं आणि दोघांची नजरानजर झाली. एक हात तिचा अजून दारावर होता. काकांना ओरडता आलं असतं. बावीस वर्षांचा अभिमान होता, दोन वर्षांवर निवृत्ती होती, आणि पाठीशीच रेललेल्या त्या माणसाचा श्वास मानेवर येत होता. त्यांनी काहीच केलं नाही, ते फक्त थांबले. तिने दार हळूच लोटलं. लाल दिवा विझला.

“निघायचं ना, काका?” गाइडबाई म्हणाल्या.

“निघालो,” काका म्हणाले.

साडेपाचला टाइल्सवाल्याला जाग आली आणि त्याने पाण्यासाठी हाक मारली. उत्तर आलं नाही. तो मागे गेला. मग त्याने जी शिवी दिली तिने झोपलेली पोरंसोरं उठून रडायला लागली. गाडी वळवा, आत्ताच्या आत्ता वळवा, म्हणून तो पुढे धावत आला. काकांनी घड्याळात पाहिलं. गाव वीस मिनिटांवर. आता वळवली तर सहाला दहा कमी असताना पोचणार, आणि ती स्टँडवर एकटी उभी असणार.

“रस्ता अरुंद आहे,” काका म्हणाले. “पुढे पेट्रोल पंपावर वळवतो.”

पंप आणखी सहा मिनिटं पुढे होता. तिथे त्यांनी गाडी वळवली, एकदा पुढे, एकदा मागे, परत एकदा पुढे, शिकाऊ माणसासारखी. आणि मग ते आस्ते निघाले. काट्याने वीसच्या वर जायचं नाव घेतलं नाही. पाठीमागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते, सायकलवाले सोबतीने चालले होते.

पहिल्यांदा त्याने शिव्या दिल्या. मग स्टीलचा थर्मास काकांच्या कानावर हाणला. कानात एक लांब शिट्टी सुरू झाली आणि कॉलरमध्ये गरम काहीतरी उतरलं. काकांनी स्टिअरिंग सोडलं नाही. दुसरा घाव भुवईवर बसला आणि डाव्या डोळ्यापुढे सगळं तांबडं झालं. गाइडबाई मध्ये पडल्या, तर त्याने त्यांना दारावर ढकललं. बत्तीस माणसांपैकी एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, आणि बायकोने ओढलं म्हणून परत बसले. कोणीतरी म्हणालं, अहो चालवणाऱ्याला मारू नका, अपघात होईल. सकाळपासून या गाडीत मारण्याविरुद्ध बोललेलं हे पहिलं वाक्य.

“वेगात घे!” तो काकांच्या मानेत, तोंडावर मुठी हाणत होता. “तुला माहीत होतं. तू मुद्दाम करतोयस.”

“आस्ते, साहेब,” काका म्हणाले. त्यांच्या तोंडातून दात आणि शब्द एकदमच आले. “गाडीत लेकरं आहेत.”

आपण मरू असं त्यांना खरोखर वाटलं, आणि तरी त्यांचा पाय हलला नाही. उजव्या डोळ्याने ते घड्याळाकडे बघत होते. पावणेसहा. सहाला पाच. सहा. सहा वाजून गेल्यावर त्यांच्या घशात एक हुंदका आला, तो मारामुळे आला असंच सगळ्यांना वाटलं.

सहा वाजून एकवीस मिनिटांनी गाडी स्टँडसमोर थांबली. स्टँडवर एक कुत्रं होतं आणि खिडकीत तिकिटवाला. सहाची गाडी वेळेवर गेली, म्हणाला. कोण बसलं कोण नाही हे बघायला त्याला वेळ नव्हता, आणि पुढच्या फाट्यावर उतरलं की तीन दिशांच्या गाड्या मिळतात.

मग टाइल्सवाल्याने काकांना पाय धरून खाली खेचलं. जॅकचा दांडा गाडीच्या पायरीखालीच असायचा. काकांनी तोंड वाचवायला हात वर घेतले आणि त्याने हातांवरच हाणायला सुरुवात केली. मनगटाचा आवाज गाइडबाईंना आत ऐकू आला. कुंभार आणि चार गावकरी धावत आले, त्यांनी त्याला मातीत दाबून धरलं, तोपर्यंत काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. तो खालून ओरडतच होता, की चला, त्या गाडीच्या मागे चला. पण चालवणार कोण? गाडी चालवणारे हात त्यानेच मोडले होते.

चौकीत हवालदाराने काकांना पाणी पाजलं, कुणीतरी हाताला फळी बांधली. टाइल्सवाला दुसऱ्या बाकावर बसून काकांच्या निष्काळजीपणाबद्दल तक्रार सांगत होता. हवालदाराने विचारलं, की गाडी सुटताना माणसं मोजली होती का.

“मी बिल्ले मोजतो,” काका म्हणाले. “माणसं नाही. चुकलं माझं.”

कंपनीने एवढ्या कबुलीवर त्यांना घरी बसवलं. तीन बोटं काही सरळ झाली नाहीत, त्यामुळे तसंही गिअर धरता आला नसता. टाइल्सवाल्यावर खटला उभा राहिला, तो जामिनावर सुटला. बायकोचा पत्ता त्याला लागला नाही. काकांना तर तो कधी ठाऊकच नव्हता.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी गाइडबाई भेटायला आल्या. आता फोनवरच हजेरी घेतात म्हणून कंपनीने फळी भंगारात काढली होती, ती त्यांनी बिल्ल्यांसकट आणली होती. चहा झाला. जाताना चपला घालता घालता त्या खालीच बघत म्हणाल्या, “त्या दिवशी निघताना तुम्ही आरशात बघत होता, काका.”

“ड्रायव्हर आरशात बघणारच,” काका म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी फळी खिडकीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवली. चौतीस बिल्ले जागच्या जागी होते, कुणीतरी पुसूनही ठेवले होते. मग काकांनी वाकड्या बोटांनी चौदा नंबरचा बिल्ला काढायला घेतला. तो निसटला, पुन्हा निसटला. तिसऱ्या खेपेला निघाला. त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला, खण लावला, आणि तो खिळा तसाच रिकामा ठेवला.