कोनाड्यातली ऊब

साखरेचा पाक रोज संपत होता आणि पेटीतल्या मधमाश्या रोज कमी होत होत्या. या दोन गोष्टींचा मेळ वृंदाला लागत नव्हता.

सकाळी ती पेटीचं झाकण उचलून वाटीभर पाक आत ठेवी. रोह्याजवळच्या वरशातल्या त्या परसात तेव्हा नदीवरचं धुकं चिकूच्या झाडात अडकलेलं असे. दुपारी पाहावं तर वाटी कोरडी, आणि पोळ्याची घरंही कोरडी.

"साहेब पितात," सगुणा म्हणाली. मांजर दूध पिते असं सांगावं इतक्या सहज, भांडी घासता घासता. "डॉक्टरनी गोड बंद केलं व्हतं ना त्यांचं? आता कोन अडवतंय?"

"सगुणा, काहीतरी बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? तुमी इचारलंत. आमचा आजा मेल्यावर वर्सभर मिठागरावर रोज सकाळी बिडीचं थोटूक सापडायचं."

"तुझ्या बापाचं असेल ते."

"बाप तंबाखू खायचा, बाई."

सगुणाचं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. तिकडची मेलेली माणसं फारशी लांब जात नसावीत. वृंदाने रोह्याच्या कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं होतं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. वाटी धुवायला टाकून आत गेली.

वृंदाचा नवरा गोपाळकृष्ण दिवाळीच्या तोंडावर गेला. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. तो गेल्यावर अंतराने, त्यांच्या मुलीने, त्या कोलाडच्या एका बागायतदाराला देऊन टाकल्या. ही शेवटची पेटी मात्र वृंदाने दिली नाही. आंब्याला मोहोर येईपर्यंत हिने तग धरायला हवा, एवढंच तिचं मागणं होतं. कोकणातली थंडी ती काय, असं लोक म्हणतात. पण एकट्या माशीला पहाटेचा गारवा पुरेसा असतो. पुष्कळ जणी बिलगून अंग थरथरवत राहतात, तेव्हा पोळ्याच्या पोटात जवळजवळ माणसाच्या अंगाइतकी ऊब तयार होते. त्यासाठी साखर लागते आणि माणसं, म्हणजे माश्या, लागतात.

पेटी उघडण्याआधी गोपाळकृष्ण मधल्या बोटाने झाकणावर टकटक करी आणि कान लावी. आत राणी असली तर माश्या एकदाच हुंकार देतात आणि गप्प होतात. "विचारलं की उत्तर द्यावं आणि गप्प बसावं," असं म्हणून तो वृंदाकडे बघे.

त्याची खोली तिने बंद ठेवली होती. दिवेलागणीला तेवढी ती आत जाई आणि त्याच्या खाटेवर बसे. खाटेच्या उशाशी भिंतीत कोनाडा होता, तो त्याने कधीकाळी प्लायवूड बसवून, रंग देऊन बंद केला होता. दिवाळी सरल्यानंतर एका संध्याकाळी तिचा हात सहज त्या प्लायवूडवर टेकला, तर ते कोमट होतं. उशीएवढा भाग, माणूस नुकताच उठून गेला असावा तसा. तिने बोटाने टकटक केलं. आतून उत्तर आलं. हूं. एकदाच.

तेव्हापासून ती रोज टकटक करत होती. कपाटात प्रयोगशाळेतला थर्मामीटर होता. मोजल्याशिवाय गरम-गार म्हणायचं नाही, असं तिने मुलांच्या कितीतरी तुकड्यांना बजावलं होतं. थर्मामीटर तिने बाहेर काढला नाही. जानेवारी लागला तशी ती ऊब आक्रसत तळहाताएवढी झाली आणि हुंकारही विरळ झाला. त्याबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही. अंतराला तर नाहीच.

पाकाचा उलगडा मात्र करायला हवा होता. सगुणाला ऐकवायला तरी. तिने चाळणीतून तांदळाचं पीठ पाकाच्या वाटीवर बसलेल्या माश्यांवर भुरभुरलं आणि पेटीच्या दाराशी उभी राहिली. पांढऱ्या झालेल्या माश्या बाहेर पडल्या, पण रानाकडे गेल्या नाहीत. घराला वळसा घालून मागच्या भिंतीकडे गेल्या. तिथे एसी काढल्यावर राहिलेलं पाइपचं मोठं भोक होतं. एकामागून एक त्या त्यात शिरल्या.

भोकाच्या आत गोपाळकृष्णाचा कोनाडा होता.

वृंदा परत येऊन पेटीपाशी बसली आणि झाकणावर टकटक केलं. आतून लांबलचक, थरथरता आवाज आला. तो थांबेना. कुणीतरी उंबऱ्यावर बसून विव्हळावं तसा. तिने चौकट उचलली. एकेका घरात कामकरी माश्यांनी घातलेली चार-चार वेडीवाकडी अंडी, आणि नरांचीच गर्दी. या पेटीला राणी नव्हती.

मग सगळं क्रमाने जुळत गेलं. तो आठवड्याला पेटी उघडून पाही आणि नव्या राणीची घरं दिसली तर मोडून टाकी, म्हणजे जुनी उठून जात नसे. तो गेला तेव्हा नणंद म्हणाली होती, पंचामृताला याच पेटीचा मध जातो, सुतकात हात लावू नकोस. जीवशास्त्राच्या बाईंनी तेराव्यापर्यंत हात लावला नव्हता. तेवढ्यात जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उठली आणि त्याच्या उशाशी जाऊन बसली. मागे नवी राणी जन्मली असेल, पण पहिल्या उड्डाणातून परतली नसेल. समोरच्या तारेवर माश्या टिपणारे वेडे राघू बसलेलेच असत.

"मंजे साहेब नाय पीत," सगुणा जरा नाराजीनेच म्हणाली.

"नाही."

"मग तिकडंच ऱ्हाऊ द्या की. जिथं हायत तिथं बरी हायत."

"बऱ्या नाहीत गं. भोक उघडं आहे. पितात ती सगळी साखर जाळून ऊब करतात, आणि ती बाहेर जाते."

बाहेर जाते, आणि थोडी माझ्या तळहातात येते. हे ती बोलली नाही. प्रत्येक टकटकीला त्या दचकत असणार, घट्ट बसलेला घोळका सैल होत असणार, पुन्हा थरथरून गरम व्हावं लागत असणार. त्या एका हुंकारासाठी ती रोज संध्याकाळी त्यांची साखर खर्च करत होती.

"उद्या दुपारी उन्हाचं प्लायवूड काढू," ती म्हणाली. "तू धूर धर."

"त्या खोलीत?" सगुणाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बाई, तुमी रोज सांजेला आत कुनाशी बोलता, मी आयकलंय. काडल्यावर मंग काय करशाल?"

वृंदा स्क्रूड्रायव्हर शोधायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः स्क्रू काढले. आत तीन छोटी पोळी लोंबत होती, मधाने जेमतेम भरलेली, त्यांवर मूठभर माश्या. सगुणा पदराने नाक झाकून धूर देत राहिली. वृंदाने पोळी सुरीने कापून केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने चौकटींना बांधली. राणी सापडली तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने राणीला हलकेच काडेपेटीत घेऊन पेटीत तिच्याच पोळ्यांवर सोडलं. पेटीतल्या नि कोनाड्यातल्या माश्यांच्या मधे वर्तमानपत्राचा कागद घातला. कागद कुरतडेपर्यंत एकमेकींचा वास अंगवळणी पडतो आणि मारामारी होत नाही. उरलेल्या माश्या पिसाने झाडून आत घेतल्या. पेटीवर गोणपाट पांघरलं. भोक मातीने लिंपलं. प्लायवूड होतं तसं बसवलं.

सगुणा जाताना म्हणाली, "आज माज्याकडं जेवाया या गो बाई." एरवी ती वृंदाला गो म्हणत नसे.

"येईन उद्या."

कागदाचा चुरा पेटीच्या दाराशी पडलेला दिसला तेव्हा वृंदाने झाकणावर बोट वाजवलं. हूं. एकदाच, भरदार. त्यानंतर तिने पेटीवर पुन्हा कधी टकटक केलं नाही. मोहोर येईपर्यंत त्यांना साखर लागणार होती.

त्या दिवशी दिवेलागणीला ती सवयीने खोलीत गेली. कोनाडा रिकामा होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. भोक लिंपून चांगले चार दिवस झाले होते. तिने तळहात प्लायवूडवर टेकवला.

प्लायवूड कोमट लागलं. हात तसाच राहिला. तिचाच हात गरम असेल. सकाळपासून कणकण वाटत होती. थर्मामीटर कपाटात होता, हाताच्या अंतरावर.

तिने बोट उचललं, आणि वाजवलं नाही.