समुद्राकडे उघडणारं दार

रविवारी सकाळी पोहे खाऊन होतात न होतात, तोच निमिषने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आईबाबांना सोफ्यावर बसवलं. सिंगापुरातल्या, टॅम्पिनीसच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या पडद्यावर एकदम निळंशार पाणी पसरलं. भूमध्य समुद्र. ग्रीसचं कुठलंसं बेट, आणि त्या बेटाच्या कड्यावर पांढऱ्याशुभ्र घरांचं रिसॉर्ट. उद्या सकाळचं विमान होतं.

"पन्नासावा वाढदिवस आहे लग्नाचा, काय समजलात! तुम्हाला मी धर्मशाळेत नेणार नाही," निमिष म्हणाला.

पोरगा मनापासून करत होता हो. आयटी कंपनीत मॅनेजर, रजा मिळता मिळत नाही, तरी वर्षभर खपून त्याने हे जमवलं होतं. बाप म्हणून निशिकांतांना ते दिसत होतं, म्हणून तर बोलता येत नव्हतं. त्यांना धास्ती होती, ती आजची नव्हे. आठ दिवसांपूर्वी पुण्याहून सिंगापूरला उतरल्यापासूनची होती.

"हा तुमचा व्हिला. बघा, बेडवरून उठलं की समोर समुद्र. मध्ये भिंतच नाही, नुसती सरकती काच. मनगटात त्यांचा पट्टा असला की हात लावताच उघडते."

"कडी?" निशिकांतांनी विचारलं.

"कडी कशाला? तिथे चोर येतात का!" निमिष हसला. "आणि हा तुमचा स्वतःचा पूल. दारातून पाऊल टाकलं की थेट पाण्यात."

"कठडा दिसत नाही कुठे."

"तीच तर गंमत आहे, बाबा. पूल संपतो कुठे आणि समुद्र लागतो कुठे ते कळतच नाही."

कळतच नाही म्हणे! निशिकांतांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे, संजीवनीबाईंकडे पाहिलं. त्या मान डोलावत कौतुकाने बघत होत्या. छान साडी, केसांचा नीट अंबाडा, चेहऱ्यावर हसू. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई जशी दिसावी तशीच. आणि या बाईंना आता स्वतःच्या घरातली न्हाणी सापडत नव्हती.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचं निदान सांगितलं तेव्हा त्या अजून बऱ्याच शुद्धीत होत्या. घरी येऊन त्यांनी निशिकांतांना देवासमोर उभं केलं आणि वचन घेतलं. निमिषला कळता कामा नये. "तो नोकरी सोडून धावत येईल, नाहीतर मला कुठल्यातरी संस्थेत नेऊन ठेवेल. दोन्ही मला नको," असं त्या म्हणाल्या होत्या. परदेशी गेलेल्या मुलांना आईबाप काय कळवतात? आम्ही मजेत आहोत, तू काळजी करू नकोस. पाय मोडला तर प्लॅस्टर निघाल्यावर सांगायचं. अख्खं कोथरूड तेच करतं, मग निशिकांतांनी केलं त्यात नवल ते काय?

पण त्यांनी ते फार मन लावून केलं, तिथेच घात झाला. दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी अर्धा तास ते बायकोची तोंडी परीक्षा घ्यायचे. मुलाचं नाव काय? सून कोण? गार्गी. नात? इरा, चौथीत आहे, पोहायला जाते. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या बाईला हा खेळ आवडायचा. पैकीच्या पैकी गुण मिळाले की त्या लहान मुलीसारख्या खूष व्हायच्या. आणि काही आठवलं नाहीच, तर काय करायचं तेही निशिकांतांनी शिकवून ठेवलं होतं. हसायचं आणि विचारायचं, "ते राहू दे, तू जेवलास का?" या एका प्रश्नापुढे आईला दुसरं काही विचारायची कुठल्या मुलाची टाप आहे?

इथे आल्यापासून मात्र निशिकांतांची पाचावर धारण बसली होती. संजीवनीबाईंना सोडून ते क्षणभर हलत नव्हते. त्या उठल्या की हे उठायचे. कानाशी लागून सतत सांगत राहायचे, ही गार्गी, हा निमिषचा फ्लॅट, हे सिंगापूर, ते दार बाहेरचं, तिकडे नको. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. संध्याकाळी आले की चेष्टा करायचे, पन्नास वर्षं झाली तरी बाबांना आईशिवाय करमत नाही.

"आणि हे बघा, उशांचं मेन्यूकार्ड!" निमिष सांगत होता. "सात प्रकारच्या उशा. मानेला कडक, मऊ, लॅव्हेंडरचा वास असलेली. सांगाल ती आणून देतात."

"अगंबाई, उशांचं सुद्धा!" संजीवनीबाई म्हणाल्या.

"तुम्ही सगळे आमच्या शेजारीच ना?" निशिकांतांनी हळूच विचारलं.

"नाही. आम्ही वरच्या बाजूला, फॅमिली विंगमध्ये. खालचे व्हिला फक्त मोठ्यांसाठी आहेत, मुलांना बंदी. अगदी शांतता. बग्गीने दहा मिनिटं. सकाळचा नाश्ता तर तबकात घालून पूलच्या पाण्यावर तरंगत येतो."

पडद्यावर खालचे व्हिला दिसत होते. एकसारखे पांढरे, एकसारखी निळी दारं, ओळीने तीस. मधून पायऱ्या खाली उतरत होत्या त्या थेट खडकांपर्यंत. कोथरूडमध्ये ज्या बाईला भर दुपारी बसडेपोवरून शोधून आणावं लागलं, ती इथे झोपेतून उठून काच सरकवेल आणि चार पावलं टाकेल. निशिकांतांचे गुडघे हे असे. तिच्या मागे धावणार कोण?

मग त्यांनी एकेक सबब काढून पाहिली. गुडघे दुखतात. तिथे व्हीलचेअर होती, मालिश होती, गरम पाण्याचं कुंड होतं. आईला बिनकांद्याचं लागतं गुरुवारी. शेफला आधीच कळवलं होतं. मला समुद्राचं वारं बाधतं. त्यावर निमिष इतका दुखावला की काही विचारू नका.

"बाबा, तुम्हाला यायचंच नाहीये का?"

झालं. निशिकांतांनी वचन बाजूला ठेवलं. मोडलं तर मोडलं, माणूस तर जिवंत राहील! संजीवनीबाई इराची चित्रं बघायला तिच्या खोलीत गेल्या तशी त्यांनी मुलाचा हात धरला आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. निदान, डेपो, एकदा उघडा राहिलेला गॅस, सगळं. सांगताना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही.

निमिष आधी हसला, मग थांबला. "आईला? काहीतरीच काय बाबा! दर रविवारी बोलतोय मी तिच्याशी. इराची यत्तासुद्धा तिला पाठ असते. आई, ए आई, जरा ये गं इकडे."

"तिला नको विचारूस," निशिकांत कळवळून म्हणाले. पण त्या दारात उभ्या होत्या आणि मागे इरा.

"आई, बाबा म्हणतात तू हल्ली विसरतेस."

संजीवनीबाईंचा चेहरा पडला. मग शाळेच्या ऑफिसात शोभावी अशी मान त्यांनी ताठ केली. "तू निमिष. टॅम्पिनीसला राहतोस. तुझी बायको गार्गी. ही इरा, चौथीत आहे, पोहायला जाते. अजून काही विचारायचंय?"

पैकीच्या पैकी! दीड वर्ष घोटून घेतलेलं एकही उत्तर चुकलं नाही.

"आज वार कोणता ते विचार," निशिकांत ओरडले. "आपण कुठल्या गावात आहोत ते विचार!"

"अहो, किती आवाज चढवता," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळून हसल्या. "ते राहू दे. तू जेवलास का?"

निमिषचे डोळे भरून आले. आईला असं उभं करून विचारल्याची त्याला लाज वाटली असावी.

"इरा," त्याने विचारलं, "आजी विसरते का गं काही?"

"नो लाह," इरा सिंगापुरी ढंगात म्हणाली. "आजोबाच सेम थिंग पुन्हा पुन्हा सांगतात. ही गार्गी, हे सिंगापूर, तो दरवाजा. एव्हरी डे. आजी तर नुसतं ऐकते."

निशिकांत तडक खोलीत गेले आणि औषधांचा डबा घेऊन आले. "या बघ तिच्या गोळ्या. दीड वर्षं चालू आहेत."

निमिषने गोळीचं नाव फोनवर शोधलं. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. निशिकांतांना वाटलं, सुटलो एकदाचे. पण निमिषने डब्याचं झाकण उलटं केलं. त्यावर पट्टी चिकटवलेली होती आणि निशिकांतांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, निशिकांत. सामानात सुनेच्या हाताला लागू नयेत म्हणून त्यांनी त्या गोळ्या आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांत मिसळून ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या, रिपोर्ट सगळं पुण्याच्या कपाटात, कुलपात. इतका चोख बंदोबस्त या माणसाने जन्मात दुसऱ्या कशाचा केला नव्हता.

"अरे, ते मी लपवायला…"

"हो बाबा," निमिष म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. आजाऱ्याशी बोलतात तसा. "कधीपासून वाटतंय असं तुम्हाला?"

त्या मऊपणाने निशिकांतांचं अवसान गळालं. रागावला असता तर भांडता आलं असतं. या प्रेमाशी काय भांडणार? त्यांनी डॉक्टरांचा नंबर दिला. रविवार, दवाखाना बंद. घंटा वाजून वाजून थांबली.

"परत आल्यावर बोलू त्यांच्याशी. मी स्वतः येईन पुण्याला," निमिष म्हणाला. "तुम्ही एकट्याने सोसत होतात हे सगळं आणि आईवर ढकलत होतात. होतं असं, बाबा. मी वाचलंय."

"आपण जायलाच नको," निशिकांत म्हणाले. "पाया पडतो तुझ्या."

"उलट आताच जायला हवं. पुढे तुम्हाला जमेल न जमेल."

आणखी काय बोलायचं? जितकं जास्त बोलावं तितका आजार पक्का होणार होता. ओरडले तर चिडचिड, रडले तर खचलेपण, गप्प बसले तर हरवलेपण. निमिषने शेजारी बसून रिसॉर्टला निरोप लिहायला घेतला. बापापासून काही लपवायचं नाही म्हणून तो प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होता. वडिलांना विस्मरणाचा त्रास आहे. त्यांना स्विमिंग पूलकडे एकटं सोडू नये. व्हिलाची चावी आईकडे द्यावी, त्या सगळं बघतील.

दोन मिनिटांत तिकडून उत्तर आलं. काय ती तत्परता! आम्ही नोंद घेतली आहे. दार उघडणारा पट्टा फक्त मॅडमच्या मनगटावर बांधला जाईल. सरांना तो मिळणार नाही. आपला मुक्काम आनंदाचा होवो.

"बघा, किती चांगली माणसं आहेत," निमिष म्हणाला. त्याने बापाच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेला. खरेदीला बाहेर गेलेल्या गार्गीला फोन करून सगळं सांगतानाचा त्याचा दबका आवाज बाहेर ऐकू येत होता. इरा आपल्या खोलीत गेली.

निशिकांत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. टीव्हीवर ते निळं पाणी तसंच होतं. संजीवनीबाई सोफ्यावर त्यांच्या जवळ सरकल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिल्या. किती दिवसांनी त्यांनी असा आपणहून हात धरला होता.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "मी आहे ना इथे."

"हो," निशिकांत म्हणाले.

संजीवनीबाईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले. मग स्वयंपाकघराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून त्यांनी आपुलकीने विचारलं, "तुमच्या घरच्यांना कळवलंय का हो कुणी?"

निशिकांतांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती.

"कळवलंय," ते म्हणाले.