नकाशातली खिडकी

यशोधरा मॅडमनी वर्गाच्या मधोमध अगरबत्ती लावली, तशी चौथीच्या पोरांनी हात जोडले. मीही जोडले.

“आरती नाही, धूर बघायचाय,” मॅडम म्हणाल्या.

धूर सरळ वर गेला, छताला टेकला आणि तिथेच पथारी टाकून बसला. गोरक्ष पेंटर मान वर करून बघत होता. मॅडमनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. मी आपला स्टूल धरायला सोबत.

राजूरच्या वरच्या अंगाला आमची ही शाळा. थंडी पडली तसा वर्गात खोकला शिरला. किती? तर घंटा बडवायची गरज उरली नव्हती. खोकला ऐकून डोंगरापलीकडची गुरं घरी परतत. हे थोडं वाढवून सांगतोय. पण एकतीसपैकी चौदा पोरं घरी, हे हजेरीपटातलं आहे. दवाखान्यातल्या सिस्टर औषध देताना म्हणाल्या, “कोंडलेल्या हवेत एकाचा खोकला सगळ्यांना लागतो. आधी खिडक्या उघडा.”

खिडक्या होत्या कुठे? लोकवर्गणीतून टीव्ही आला तेव्हा उजेडात चित्र दिसेना, म्हणून गावानेच चारही खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं होतं. पूर्वेला गोरक्षने पाढे लिहिले. पश्चिमेला, भिंत आणि प्लाय एक करून, अख्खा जिल्हा काढला. डावीकडे आपलं अकोले, उजवीकडे खर्ड्याचा किल्ला, मधून निळी प्रवरा. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांची नावं रंगवली, दुकानांवर, टेम्पोंवर. स्वतःचं नाव टाकलं ते फक्त या नकाशाखाली. आता हात कापतो. ब्रश धरवत नाही.

“पंखा लावा की, मॅडम,” गोरक्ष म्हणाला.

“तीच हवा गरगर फिरेल, दादा.”

“मंग पाढ्याच्या फळ्या काढतो. नकाशाला हात लावू नगा.”

पूर्वेच्या खिडक्या मोकळ्या झाल्या. धूर जरासा हलला आणि पुन्हा छताला जाऊन बसला. वाऱ्याला पलीकडून वाटच नव्हती. मॅडमनी दुसरी अगरबत्ती लावली. मागच्या बाकावर एक पोरगी खोकायला लागली, ती थांबेचना.

“नकाशा अखंड निघंल का रं?” मी हळूच विचारलं.

“पावसानं फुगलंय. तुकडंच पडत्याल.” गोरक्षने पक्कड उचलली. “सहादू, स्टूल धर. आन तुझ्या जिभेगत हलवू नको.”

प्रवरा पट्ट्यापट्ट्यांनी सुटली. उजव्या फळीबरोबर त्याचं नाव गेलं, डावीबरोबर अकोले. धूर असा सुटला, की शपथेवर सांगतो, दुपारपर्यंत इगतपुरीला पोचला असेल. पोरं उडणाऱ्या वह्यांवर कोपरं रोवून बसली.

आठ दिवसांनी हजेरी सत्तावीसवर आली. गोरक्ष चौकटीत उरलेले खिळे काढायला आला होता. मॅडमनी आजारातून उठलेल्या मोनिकाला उभं केलं.

“आपलं गाव दाखव बरं.”

ती नकाशापुढे गेली. गावाच्या जागी खिडकी होती. जरा घुटमळली, मग गजांतून हात बाहेर काढून तिने बोट रोखलं.

गोरक्ष हातातलं काम थांबवून बघत राहिला.

“जरा खाली धर, पोरी,” तो म्हणाला. “वर डोंगर हाय.”