न खपणारा डबा

टीव्हीला जोडायचा डबा कोणता घ्यावा, या एका प्रश्नापायी धनराजने आठवडाभर घर डोक्यावर घेतले होते. भद्रावतीला कामावर जाता-येता बसमध्ये जो भेटेल त्याला तो विचारायचा. कुणी म्हणे यात क्रिकेट छान दिसते, कुणी म्हणे त्यात सिनेमे ढिगाने. शेवटी भद्रावतीत टीव्हीचे दुकान चालवणारा त्याचा मित्र अश्वजित वैतागला. तीन कंपन्यांचे तीन डबे पिशवीत घालून तो म्हणाला, "घरी लावून पाय. आवडन तो ठेव, बाकीचे आणून दे."

"सगळ्यात जास्त कोणता खपते?"

"हा काळा. रिमोटमध्ये बोललं का पाहिजे ते लावून देते, लोकं त्यालेच भुलतात. दुसरा स्वस्त, म्हणून जाते. तिसऱ्याले कोणी हात लावत नाई. कोण काय बोलते ते खाली मोठ्या अक्षरात येते. गिऱ्हाईक म्हणते, अर्धा पडदाच झाकते."

धनराजचे गाव जंगलाला लागून. संध्याकाळी डबे एकामागून एक लागले. त्याची बायको रंजीता हौसेने पाहत होती. आई इंदुताई मात्र पहिल्या दोन डब्यांच्या वेळी नेहमीसारख्या अंगणात वाळत घातलेली मोहफुलं गोळा करायला निघून गेल्या. त्यांना टीव्ही आवडत नाही, असे घरात केव्हाच ठरून गेले होते.

तिसरा डबा लागला आणि इंदुताई येता-जाता थांबल्या. मग चक्क मांडी घालून बसल्या. धनराज अक्षरं घालवायला रिमोट शोधू लागला, तर म्हणाल्या, "राहू दे रे."

धनराजला नवल वाटले. जो डबा कुणी घेत नाही, तो मायला काऊन आवडावा? तेवढ्यात त्याचा फोन वाजला, म्हणून त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. तो बोलत असतानाच इंदुताई खो खो हसल्या. पडद्यावर विनोद झाला होता खरा, पण आवाज तर बंद होता! धनराज आणि रंजीता एकमेकांकडे पाहतच राहिले.

तो हळूच त्यांच्या मागे गेला. "माय." मग जरा मोठ्याने, "माय!" इंदुताई न वळता अक्षरं वाचतच राहिल्या.

धनराजला जंगलातला प्रसंग आठवला. मोहाचे दिवस होते. पहाटे बायका फुलं वेचायला जंगलात जात, पण कान उघडे ठेवून. वानरं ओरडली की वाघ जवळ आहे समजून एकमेकींना हाका मारत गावाकडे पळत. मागच्याच आठवड्यात सगळ्या पळाल्या आणि इंदुताई एकट्याच झाडाखाली वेचत राहिल्या. दोघींनी मागे जाऊन त्यांना ओढून आणले. गावाने त्यांना हावरी ठरवले. धनराजनेही चारचौघांत आईला झापले होते.

तो आईसमोर जाऊन बसला. "माय, तुले ऐकू येत नाई का?"

त्या त्याच्या ओठांकडे पाहत होत्या. "सांगितलं असतं तं मले वेचाले जाऊ देल्लं असतं का? घरात बसवलं असतं."

"आता जायचंच नाई," धनराज म्हणाला.

"हे बरं आहे!" रंजीता उसळली. "कान गेला तं माणसाले कोंडून ठेवाचं? चंद्रपूरले नेऊ, कान तपासू. मशीन बसवता येते."

"मशीन?" धनराज म्हणाला. "गावात सारे म्हणतीन, धनराजची माय बहिरी झाली."

"तुमच्या नाकावर चष्मा आहे, त्याले कोणी हासते का? डोळ्याले काच चालते, मंग कानाच्या मशीनचीच काऊन लाज? त्याईले हावरी म्हटलं, ते चाललं तुमाले?"

धनराजची मान खाली गेली. डब्यासाठी त्याने अख्ख्या बसला विचारले होते. घरातल्या आईला मात्र काहीच विचारले नव्हते.

चंद्रपूरला तपासणी झाली. काही दिवसांनी मशीनही मिळाले. दवाखान्याबाहेर ऑटोच्या हॉर्नने इंदुताई दचकल्या, मग हसल्या. धनराजने गेल्या काही दिवसांच्या सवयीने त्यांच्या कानाशी वाकून ओरडून विचारले, "माय, चहा घेतं का?"

"हळू बोल ना बाप्पा." त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले. "तू माह्यासाठी मोठ्यानं बोले होय? मले तं आवाज येतच नव्हता. नुसतं तुह्यं तोंड दिसे. वाटे, पोरगा सदा रागातच आहे माह्यावर."

भर रस्त्यात धनराजचे डोळे भरून आले.

तिसरा डबा घरीच राहिला. इंदुताई पुन्हा बायकांबरोबर मोहाला जाऊ लागल्या. वाचकहो, आपल्याही घरात हाकेला ओ न देणारे कुणी असेल. त्याला हट्टी किंवा हावरे ठरवण्याआधी एकदा समोर बसून विचारा आणि त्याचे कान तपासून घ्या. उतारवयात ऐकू न येणे हा काही गुन्हा नाही. ते लपवावे लागेल असे घर करून ठेवणे, ही चूक मात्र आपली आहे!