जित्याच्या नावाचा हेल

टीव्ही म्हणजे काय हे आमच्या खान्देशात तेव्हा कुणी धड पाहिलेलं नव्हतं, आणि स्पर्धेचं बक्षीस मात्र टीव्हीवर गाण्याचं ठेवलेलं. म्हणजे जिंकणारा मुंबईला जाऊन गाणार, मुंबईकर त्याला बघणार, आणि ज्यांनी टाळ्या वाजवून त्याला तिथवर पोचवलं ते जळगाव-धुळ्याचे लोक घरी हात चोळत बसणार. ही अक्कल रिखबचंद शेठची. जळगावात कापडाची पेढी, गाण्याचा नाद आणि टीव्हीवाल्यांत कुणीतरी ओळखीचा, एवढ्या भांडवलावर त्यांनी चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात ही गायन स्पर्धा उभी केली. दर रविवारी एका गावात फेरी. मी धुळ्याचा पेटीवाला. शाळेत पोरांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचो म्हणून लोक मास्तर म्हणत. गाणारे बदलायचे, पेटीवर मी कायम. त्या हिवाळ्यात मी जेवढं बेसूर ऐकलं तेवढं वैऱ्याच्याही कानी न पडो.

शिंदखेड्याच्या फेरीला मंजुळाबाई आली. चाळिशी उलटलेली, शेतात राबून काळवंडलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. नाव सांगायच्या आधी तिनं शेठनाच विचारलं, "जो जिंकी तो मुंबईना लोकेसले दिसी का? तोंड दिसी का तेनं?"

"तोंड दिसेल, आवाज ऐकू येईल. सगळं," शेठ म्हणाले.

"मंग मनं नाव लिखा."

आमच्या कानबाई देवीचं गाणं म्हटलं तिनं. पेटीचा सूर विचारला नाही, मी कुठली पट्टी धरलीय याची फिकीर केली नाही. मलाच तिच्या मागे धावावं लागलं. पण आवाज असा, की मागच्या बाकावर शेंगा खाणारे लोक शेंगा खायचे थांबले. ती पुढच्या फेरीत गेली, त्याच्या पुढच्याही गेली.

तिला बक्षिसाची हौस का, हे मला जामनेरच्या फेरीत चहा पिताना कळलं. तिचा मुलगा अभिमन. शिंदखेड्याच्या जिनात कापसाच्या हंगामात कामाला होता. तिथंच रुई भरणाऱ्या एका परजातीच्या मुलीवर त्याचं मन बसलं आणि दोघं मुंबईला पळाली. त्याला आता चार वर्षं होत आली होती. मंजुळाबाईच्या नवऱ्यानं, हिलालनं, भाऊबंद गोळा केले, विहिरीवर गेला आणि पोराच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्याच्या नावानं करतात तशी. एकदा आंघोळ केली की पोरगा मेला, मग तो दारात येऊन उभा राहिला तरी त्याला ओळखायचं नाही. पुरुषांनी आंघोळ करायची, बायांनी रडायचं, असा हा सोहळा. मंजुळाबाई रडली नाही आणि तिनं अंगावर पाणीही घेतलं नाही. घरात कडी लावून बसली. गावानं तोंडात शेण घातलं, जावांनी बोलणं टाकलं, तरी ही बधली नाही.

"मुंबईमा तो कोठे तरी व्हई, मास्तर," ती म्हणाली. "पत्ता नही, चिठ्ठी नही. गावना उखर्डू तठे गिरनीमा शे, तो सांगस, दुकाननासमोर उभं राहीसनी लोके टीव्ही देखतस. तो बी देखी. माय दिसनी ते घर याद येई त्याले."

मला हसू आलं नाही. राग आला. एवढ्या मोठ्या शहरात एका दुकानासमोर एक पोरगा नेमका त्या वेळी उभा राहील, यावर ही बाई रविवारमागून रविवार एसटीचे धक्के खात होती. पण आईला शहाणपण शिकवणारा मी कोण?

उपांत्य फेरी धुळ्याला होती. त्या दिवशी मंजुळाबाई बसलेला घसा घेऊन आली आणि आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, झोक्यावरचं गाणं पार मातीत गेलं. परीक्षक मुंबईहून आलेले, जाडजूड आणि मनानं चांगले गृहस्थ होते. त्यांनी घशाला काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, गावातले पंडित आबा परवा गेले, त्यांच्यासाठी हेल काढून घसा बसला.

"हेल म्हणजे?" परीक्षकांनी विचारलं. मुंबईला काय माहीत असणार! आमच्याकडे मयताच्या घरी बाया नुसत्या मुसमुसत नाहीत. अंगणात पाय ठेवतानाच सुरात रडायला लागतात. गेलेल्याला नावानं हाक मारतात: कुठं निघालास, ताट वाढलंय, दार उघडं आहे, फिर मागे. ज्या बाईचा हेल काळजाला हात घालतो तिला चार गावांतून बोलावणं येतं. मंजुळाबाई त्यातली होती. परीक्षक म्हणाले, थोडा ऐकवा. तिनं बसलेल्या घशानंच पंडित आबांना दोन हाका मारल्या. मी पेटीवरून हात काढून घेतला. समोर बायांनी पदर तोंडाला लावले.

तिघं अंतिम फेरीत पोचले. शेठचा पुतण्या अभयकुमार, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली एक गोड गळ्याची मुलगी आणि मंजुळाबाई. परीक्षकांनी जाताना शेठना सांगितलं, "त्या बाईंना अंतिमला तेच गाऊ द्या. बाकीची गाणी मुंबईत पैशाला पासरी आहेत."

तालीम शेठच्या घरी, पेढीच्या माडीवर. मंजुळाबाईनं हेल धरला आणि तो पडला. स्वर तेच, शब्द तेच, पण आत काही नाही. तीनदा धरला, तीनदा पडला.

"नाव नही ना, मास्तर," ती म्हणाली. "नाव नही ते हाक कोनले मारू?"

"पंडित आबांचंच घ्या की," शेठ म्हणाले.

तिनं कानाला हात लावला. पंडित आबांचं तेरावं झालं होतं. तेराव्यानंतर मेलेल्याला हाक मारायची नसते. त्याची वाट अडते म्हणतात. मग शेठनी रामा, गोविंदा अशी नावं सुचवली. तिला ती जमेनात. नसलेल्या माणसासाठी रडणार कसं? शेठची बायको मोहनबाई जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती वर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, भरल्या घरात हे कसलं रडगाणं लावलंय? बंद करा आधी." शेठ म्हणाले, तू आत जा, तुला कलेतलं कळत नाही. मला त्या वेळी वाटलं, सगळ्या माडीवर अक्कल असलेलं माणूस ते एकच होतं, आणि तेच आत गेलं.

अंतिम फेरी जळगावात, मांडव घालून. अभयकुमार छान गायला. भुसावळच्या मुलीनं त्याहून छान गायलं. पुढच्या रांगेत हिलाल बसला होता. बायको शेठच्या मांडवात गाणार म्हणून नवं धोतर नेसून आला होता. मंजुळाबाई समोर आली, पदर नीट केला, माझ्याकडे बघितलं नाही. आणि तिनं हेल धरला.

"अभिमन रे, मना सोना, कोनी वाट धरी रे... दार उघडं शे, ताट वाढेल शे, मायले इचारं नही रे..."

जित्या पोराच्या नावानं हेल! मांडवात आमच्या बाजूच्या ज्या बाया होत्या त्यांना नाव कळलं, घर कळलं, आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. जळगावच्या लोकांना नाव कळलं नाही, तरी त्यांचेही डोळे भरले. ती गात नव्हतीच. ती हाका मारत होती. रस्त्याच्या टोकाला निघून चाललेल्या पोराला ओट्यावरून मारतात तशा. टाळ्या वाजायला वेळ लागला, आणि वाजायला लागल्या तेव्हा थांबेनात. पहिला नंबर तिचाच.

हिलाल स्टेजजवळ आला. त्याचा चेहरा मी विसरलो नाही. कधी नव्हे तो मऊ झालेला.

"बरं जयं," तो बायकोला म्हणाला. "मी ते तवाच आंघोळ करी टाकी. तू रडनी नही व्हती म्हनीसन गाव बोले. आज रडनी. सुटना इषय."

तिनं मान खाली घातली. तो पाणी आणायला गेल्यावर मी दबक्या आवाजात म्हणालो, "मंजुळाबाई, हा बघा काय समजला."

"समजू द्या," ती म्हणाली. "त्यासले काय समजनं ते समजू द्या. मना पोऱ्या मनी हाक वळखस."

फेब्रुवारीत मुंबईला गेलो. शेठ, ती आणि मी. टीव्हीवाल्यांनी चांगलं वागवलं; चहा दिला, तिला बसायला पाट दिला, दुसरं एखादं गाणं म्हटलं तरी चालेल असंही सांगितलं. शेठच म्हणाले, नाही, जे जिंकलं तेच. तिलाही तेच हवं होतं. दिव्यांचा उजेड इतका की पेटीच्या पट्ट्या दिसेनात. तीन कॅमेरे होते. तिनं मला हळूच विचारलं, "तो कोनती काचमा शे?"

मी समोरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. ती सगळा वेळ त्या काचेकडे बघून गायली, पापणी न हलवता. जळगावच्या मांडवात गायली त्याच्या दुप्पट गायली. मी पेटीवाला आहे, कौतुक करताना माझी जीभ जड होते, पण असं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. संपल्यावर ती माझ्याकडे बघून हसली. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा.

होळीला उखर्डू गावी आला. हा तिच्याच गावचा, लालबागला गिरणीत कामाला. त्यानं तिला टीव्हीवर पाहिलं होतं, हे तिला कळलं होतं. म्हणून तिनं मला धुळ्याहून मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाली, तुम्ही पेटी वाजवली, तुम्हीही ऐका. मी गेलो. हिलाल शेतात होता. ओट्यावर आम्ही तिघंच. उखर्डूला तिनं पुरणपोळी वाढली होती आणि तो ती खात नव्हता.

"दिसना का रे?" तिनं विचारलं.

उखर्डूनं मान डोलावली. दिसला होता. गाणं टीव्हीवर दाखवलं त्या शनिवारी मुंबईतला शिंदखेड्याकडचा एकूण एक माणूस कुठल्या ना कुठल्या टीव्हीसमोर उभा होता. बातमी तोंडोतोंडी गेली होती. लालबागला एका रेडिओच्या दुकानासमोर ही गर्दी, आणि त्या गर्दीत अभिमन. खांद्यावर दीड-दोन वर्षांची पोरगी. उखर्डूला बघून तो आपणहून पुढे आला, गळ्यात पडला.

"मनी माय दिसनार शे," म्हणाला. पोरीला सांगत होता, "देख, तठे देख, तुनी आजी येई." आणि उखर्डूला म्हणाला, "बापनं आंघोळ करी, माले म्हाईत शे. मायनं करी नही, ते बी म्हाईत शे. या आखाजीले येस मी. मायले पोर दखाडसू. बाप भायेर काढी ते काढी, माय घरमा लेई."

मंजुळाबाई ऐकत होती. तिचं तोंड उजळलं होतं. पुढचं तिला अजून कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि वाटलं उठून उखर्डूच्या तोंडावर हात ठेवावा.

मग टीव्हीवर मंजुळाबाई दिसली. अभिमननं पोरीला आणखी उंच धरलं. आणि हेल सुरू झाला. पहिला शब्द त्याचं नाव.

उखर्डू म्हणाला, तो आधी हसला. ऐकण्यात चूक झाली असं त्याला वाटलं असावं. मग दुसऱ्यांदा नाव आलं, तिसऱ्यांदा आलं. दुकानासमोर आमच्याकडची माणसं होती, ती त्याच्याकडे वळून बघायला लागली. आई रडतेय आणि मेलेला समोर उभा. त्यानं पोरीला खांद्यावरून खाली उतरवलं. शेवटपर्यंत ऐकलं मात्र. आई एकटक त्याच्याकडेच बघत होती ना काचेतून.

"मायनं बी रडी लिधं," तो उखर्डूला म्हणाला. "मी समजे, ती एकली शे मनी. आते तठे मना कोन शे?"

पोरीचा हात धरून तो गर्दीत गेला. उखर्डू मागे धावला, पण शनिवारची संध्याकाळ, सापडला नाही. दुसऱ्या दिवशी शोधत शोधत खोलीवर गेला, तर खोली सोडली होती. शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं कुठं गेले. सुरतला असेल, नाही तर कुठंही.

मंजुळाबाईनं उखर्डूचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. मला वाटलं आता हंबरडा फोडेल. ती रडली नाही. मी मनात तिच्याशी भांडत होतो, शेठशी भांडत होतो, पण भांडून काय? उभ्या आयुष्यात तिनं ज्यांना ज्यांना अशी हाक मारली, त्यांतल्या एकाच्याही कानात ती गेली नव्हती. ऐकणाऱ्याला ती कशी लागते, हे तिला सांगणार कोण होतं?

"पोर कोनावर गई?" तिनं विचारलं.

"तुमनावरच," उखर्डू म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. लहान मुलासारखं, आपली बाजू समजावून सांगावी तसं म्हणाली, "मी ते त्याले बलावत व्हती, मास्तर."